सायकलला जीपीएस घेताय?

“सायकलला जीपीएस कॉम्प्युटर कोणता घेऊ?” असं हल्ली कॉलेजात बरेच जण विचारतात. मी म्हणतो, किंमत नंतर बघा, आधी तुम्ही कुठल्या रस्त्यावर फिरता ते बघा.

माझा रस्ता भीमपूरचा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. इकडे नेटवर्क गेलं की फोनवरचा ऑनलाइन नकाशा कोरा होतो. उपग्रहांच्या सिग्नलला मात्र नेटवर्क लागत नाही. त्यामुळे नकाशा आत साठवणारं यंत्र हवं. तसा तो फोनमध्येही साठवता येतो, पण उन्हात स्क्रीन सतत चालू ठेवली की बॅटरी भराभर उतरते. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ टिकेल तेच यंत्र घ्या. आणि बटणंवालं घ्या. घामेजल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. पॉवर मीटर वगैरे जोडणं शर्यतवाल्यांसाठी. विद्यार्थ्यानं त्यापायी घरच्यांना खर्चात पाडू नये.

टिपेश्वरचा वाघ नदीपार आलाय का, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. ते गावातच विचारायचं, आणि अंधाराआधी घर गाठायचं.

खरी अडचण वेगळीच आहे. अशा बऱ्याच यंत्रांतले नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात. 2004 पासून तो नकाशा लोकच भरताहेत, फुकट. आपली पांदण कुणी त्यात काढलीच नसेल, तर महागडं यंत्रही ती कुठून दाखवणार? आमच्या शेताकडची पांदण मी दिवाळीच्या सुट्टीत त्यात काढली. नाल्यापलीकडची अजून राहिलीय.