‘सौम्य’ दुखापतीचे चिरकालीन परिणाम



अपघातात डोक्याला मार बसल्यावर सीटी स्कॅन निर्दोष निघूनही जो तक्रार करतो तो केवळ भरपाईसाठी करतो, हा आपल्या पत्रलेखकांचा अभिप्राय मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. ग्लासगो येथे १९७४ साली सिद्ध झालेल्या मापनश्रेणीत १३ ते १५ गुण मिळाले, की मेंदूची दुखापत ‘सौम्य’ ठरते; परंतु हे गुण त्या वेळच्या शुद्धीचे असतात, पुढील आयुष्याचे नव्हेत, आणि मज्जातंतूंना बसलेला सूक्ष्म ताण सीटी स्कॅनच्या छायाचित्रात बहुधा उमटतच नाही. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत सावरतात, हे खरे. पण जे सावरत नाहीत त्यांचे काय? वर्धा मार्गावर स्कूटरवरून पडलेले, इतवारीत अडतीवर रोजमेळ लिहिणारे माझे मेहुणे आज एकाच पानाची बेरीज पुनःपुन्हा करतात, हातचा विसरतात, आणि हमालांचा गलबला वाढला की डोके धरून बसतात. अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा अर्जनक्षमतेवरील प्रत्यक्ष परिणाम निर्णायक मानला आहे. म्हणून अपघातग्रस्तांच्या आप्तांस माझी कळकळीची विनंती, की विस्मरण, चिडचिड, निद्रानाश यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि स्मृतिपरीक्षेचा दाखला दाव्याच्या कागदपत्रांत अवश्य दाखल करावा.

— एक वाचक, धंतोली, नागपूर