रोजची गाडी, मजेची गाडी आणि बाबांचा गुडघा

गेले चार शनिवार मी एकाच प्रश्नात घालवलेत. नवी गाडी कुठली घ्यायची? बायकोच्या मते हा अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. माझ्या मते असा प्रश्न आयुष्यात तीन-चारदाच पडतो, त्यामुळे तो नीट चवीचवीने चघळला पाहिजे.

माझी सध्याची गाडी बारा वर्षांची झाली. बुटकी हॅचबॅक, सस्पेन्शन कडक, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अशी काही सुटते की क्लायंटचा कॉल, अप्रेजल, गृहकर्ज सगळं दोन मिनिटं विसरायला होतं. पण आता दर सर्व्हिसिंगला काहीतरी नवीन निघतं. तर बदलायची वेळ आलीये. गाळून गाळून यादीत दोनच नावं उरली. एक, सेकंडहँड पोलो, एक लिटर टर्बो, मॅन्युअल. (पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे मिळेल ती सेकंडहँडच.) दुसरी, नवी कोरी वॅगन-आर, १.२ लिटरवाली. हसू नका. आधी मीही हसलो होतो.

ऑफिसात लगेच दोन पक्ष पडले. पहिला 'अरे, आत्ता नाही तर कधी?' पक्ष. दुसरा 'रीसेल बघ, अ‍ॅव्हरेज बघ, मागे तिघं बसतात का बघ' पक्ष. दोघांचं ऐकून घेतल्यावर एक गंमत लक्षात आली. पहिल्या पक्षाच्या डोळ्यासमोर असतो जुलैतला ताम्हिणी घाट, सकाळचे सहा, रस्ता मोकळा. दुसऱ्याच्या डोळ्यासमोर असते दिवाळी, सासरची माणसं, सहा बॅगा आणि कोकण. म्हणजे दोघंही वर्षातल्या चार-पाच दिवसांसाठी गाडी घेतायत! उरलेल्या तीनशे साठ दिवसांचं काय?

ते दिवस माझे जातात कोथरूड ते हिंजवडी, व्हाया चांदणी चौक. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या ट्रॅफिक इंडेक्सनुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. या वेगाला शेजारचा दहावीतला पोरगा सायकलवरून मला टाटा करून जाईल.

आता आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. दिवाळी सेलच्या एका दिवसाचा लोड पेलावा म्हणून कोणी वर्षभर दहापट सर्व्हर विकत घेऊन ठेवत नाही. रोजच्या लोडपुरतं आपलं, पीकपुरतं भाड्याचं. गाडीलाही हेच लावायला काय हरकत आहे? कोकणात जायचंय? ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने घ्या. चार दिवसांसाठी वर्षभर सात सीट ओढत हिंडायला नको.

पण तोंडाने बोलून भागत नाही, डेटा पाहिजे. म्हणून मी तीन महिने प्रत्येक फेरी एक्सेलमध्ये टाकली. एकूण १३४ फेऱ्या. त्यात मी एकटा: ९१. मी आणि बायको: २९. मी, बायको आणि लेक: १४. चौघं: शून्य. निकाल स्वच्छ होता. ज्या गाडीत दोन तृतीयांश वेळा मी एकटाच असतो, ती मला आवडेल अशी का नको? पोलो फायनल. मी विजयी मुद्रेने लॅपटॉप बायकोसमोर धरला.

तिने एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यात बाबा कुठे आहेत?"

मी चाळून बघितलं. बाबा कुठेच नव्हते. एका रांगेतही नाही.

घरात आम्ही चौघं. बाबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. दर मंगळवारी फिजिओथेरपीला ते रिक्षाने जातात. आम्ही बाहेर जेवायला निघालो की म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मला मॅच बघायचीये." मी मनात धरून चाललो होतो की त्यांना रिक्षा आवडते आणि मॅच आवडते. त्या रात्री पहिल्यांदा सरळ विचारलं. "बाबा, तुम्ही गाडीत का येत नाही हल्ली?"

आधी टाळलं त्यांनी. मग म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीत बसता येतं. उठता येत नाही. दर वेळी तू हात द्यायला उतरतोस, मागचे हॉर्न वाजवतात. कशाला उगाच?"

खरं सांगतो, पोटात खड्डा पडला. दहा वर्षं मी लोकांना सांगत आलोय की लॉगमध्ये फक्त आलेल्या रिक्वेस्ट दिसतात. जो युजर दोनदा ट्राय करून, कंटाळून निघून गेला, तो लॉगमध्ये नसतोच. आणि माझ्याच घरातला युजर दोन वर्षांपूर्वी गेला होता. 'चौघं: शून्य' हा गरज नसल्याचा पुरावा नव्हता. तो माझ्या गाडीचा परिणाम होता.

मग वॅगन-आरकडे जरा आदराने बघितलं. बुटक्या गाडीत बसताना कंबर गुडघ्याच्या खाली जाते आणि उठताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं. उंच गाडीत सीट जवळजवळ कंबरेच्या उंचीला असते, माणूस नुसता आडवा सरकतो. ही उंची फॅशनसाठी आलेली नाही. जपानमध्ये छोट्या गाड्यांच्या लांबी-रुंदीवर आणि इंजिनवर सरकारी मर्यादा आहे. त्या चौकटीत जागा वाढवायची तर वरच जायला हवं, म्हणून १९९३ मध्ये सुझुकीने तिथे ही गाडी काढली. माणूस खुर्चीसारखा ताठ बसला की पायांना लांबीही कमी लागते. भारतात ती १९९९च्या शेवटी आली आणि तेव्हापासून आपण तिला 'डबा' म्हणतोय. डबाच आहे. पण विचार करून बनवलेला.

"मग एसयूव्ही घे ना!" हे मला आत्तापर्यंत अकरा जणांनी सांगितलंय. उंची मिळेल, मान्य. पण चार मीटरच्या आतली एसयूव्ही म्हणजे हॅचबॅकएवढ्याच लांबीत सहज दोनेकशे किलो जास्त. ते वजन रोज सिग्नलला ओढायचं आणि रोज ब्रेकने थांबवायचं. माझ्या मते मजा पहिल्यांदा मरते ती वजनाने.

आणि इथेच वॅगन-आरने मला गार केलं. १.२ लिटर इंजिन सुमारे ९० हॉर्सपॉवरचं आणि गाडीचं वजन साधारण साडेआठशे किलोच्या आत. पोलो ११० हॉर्सपॉवरची, पण वजन हजारावर. दर किलोमागे हिशोब केला तर दोघी जवळपास सारख्याच! अर्थात उगाच खोटं बोलत नाही. टर्बोचा जो धक्का पाठीला बसतो तो इथे नाही. टॉर्क १७५ विरुद्ध ११३, हा फरक घाटात ओव्हरटेक करताना कळणारच. वळणावर उंच गाडी झुकते. पण बाणेर रोडवर टेस्ट ड्राइव्हला सिग्नल सुटला, दुसरा गिअर टाकला, हलकी गाडी टुणकन पुढे गेली, चारही कोपरे नजरेत होते, आणि मी चक्क एकटाच हसलो. ताशी अठराच्या शहरात मजा म्हणजे हेच असतं.

तर माझं मत आता असं आहे. वर्षातून चारदा लागणाऱ्या गोष्टीसाठी गाडी घेऊ नका, ती भाड्याने मिळते. पण कोणाला दर आठवड्याला लागणारी आणि तोंडाने न मागितलेली गोष्ट भाड्याने मिळत नाही. आधी आपल्या गाडीतून कोण गळालंय ते बघा. मग जे पर्याय उरतील त्यातली सगळ्यात मजेची गाडी बिनधास्त घ्या, तिथे रीसेलवाल्यांचं अजिबात ऐकू नका.

काल बाबांना शोरूममध्ये घेऊन गेलो. बसले. मग कोणाचा हात न घेता उठले. पुन्हा एकदा बसून बघितलं, पुन्हा उठले. सेल्समनला विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" तो सांगत होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आणि पळते का रे?"

बुकिंग केलंय. रंग अजून ठरायचाय, तो बायकोचा विभाग.