सेव्ह करण्याआधी थांबा, प्रश्न मुलांच्या नावांचा आहे



"सर, यादी उघडली पण मराठी दिसत नाही, फॉन्ट पाठवा." शाळांच्या ग्रुपवर असा मेसेज अजूनही येतो. कुणीतरी फॉन्ट पाठवतं, कुणी "पुन्हा टाईप करा" म्हणतं. माझं मत स्पष्ट आहे : फॉन्ट मागण्याआधी फाईलला झालंय काय ते ओळखायला शिकूया. कारण यातले दोन आजार बरे होतात, तिसरा होत नाही.

पहिला आजार जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट बदलला की चेहरा जातो, मजकूर मात्र शाबूत असतो. अशा फाईलला कन्व्हर्टर लागतो.

दुसरा आजार चुकीच्या वाचनाचा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ मध्ये ते चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. प्रोग्रामने ती फाईल एएनएसआय समजून उघडली, की एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र खुणा दिसतात. घाबरू नका. फाईल चांगली आहे, वाचणारा चुकलाय. सेव्ह न करता बंद करा आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा.

तिसरा आजार प्रश्नचिन्हांचा. मराठी मजकूर एएनएसआय म्हणून सेव्ह केला, तर त्यात देवनागरीला जागाच नसते. 'स्नेहल' मध्ये सहा चिन्हं : स, हलन्त, न, मात्रा, ह, ल. त्यांची सहा प्रश्नचिन्हं होतात. 'प्राची' चीही सहाच! आता कोणती स्नेहल आणि कोणती प्राची, हे कोणताच कन्व्हर्टर सांगू शकत नाही. नोटपॅड तसं करताना इशारा देतो, पण घाईत न वाचताच 'ओके' दाबलं जातं.

म्हणून माझा आग्रह पुढील गोष्टींसाठी आहे.

१. मूळ फाईलची कॉपी आधी करा. काम कॉपीवर करायचं, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

२. विचित्र खुणा दिसत असताना सेव्ह करू नका. आधी वाचन दुरुस्त करा.

३. नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग मेनूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं 'यूटीएफ-८' म्हणजे 'फाईल अशी समजून वाच', आणि 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' म्हणजे 'आतला मजकूर बदल'. आधी मराठी नीट दिसू द्या, मगच कन्व्हर्ट.

४. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. सेव्ह करतानाही 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्या.

५. जुना फॉन्ट बदलल्यावर डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाईप होतो, युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. त्यामुळे 'किर्ती', 'वर्षा', 'दर्शिका' अशी नावं आधी पाहा. तसंच काही कन्व्हर्टर आपल्या मराठीतला आडवा रकार ओळखत नाहीत. मग 'आचाऱ्यांना मानधन' चं 'आचार्यांना मानधन' होतं! स्वयंपाकघरातलं पत्र थेट गुरुजींच्या टेबलावर.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नावं इंग्रजीतच लिहू. मला हे पटत नाही. इंग्रजीतून मराठीत परत येताना 'काळे' चं 'काले' होतं, 'बाणे' चं 'बाने' होतं. दाखल्यावर एकदा चुकलेलं नाव दुरुस्त करायला त्या मुलाच्या आईवडिलांना मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. आपला एक क्लिक, त्यांचा एक दिवस.

खरं तर ही जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही. यादी मागवणाऱ्यांनी जुन्या फॉन्टमधले नमुने पाठवणं बंद करावं, आणि तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणात पीपीटीच्या आधी हा अर्धा तास असावा. नव्या नोटपॅडमध्ये नवी फाईल आपोआप यूटीएफ-८ मध्येच सेव्ह होते, म्हणजे सोय आपल्या संगणकात आलेलीच आहे. प्रश्न उरतो जुन्या फाईलींचा आणि जुन्या सवयींचा.

वर्गात आपण मुलांना म्हणतो, 'उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा.' संगणक सेव्ह करताना प्रश्न विचारतो, तेव्हा तोच नियम आपल्यालाही लागू आहे. या आठवड्यात तुमच्या वर्गाची यादी उघडा, ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते पाहा आणि एक सुरक्षित कॉपी करून ठेवा. तुमच्याकडे कोणती अक्षरं बिघडतात, तेही जरूर कळवा.