थिएटरचा प्रोजेक्टर उजेड मोजून घ्यावा

राज्यातल्या एकपडदा थिएटरांतून रिळे हद्दपार झाली त्याला आता दशक उलटले. त्या काळात घाईने बसवलेले डिजिटल प्रोजेक्टर बदलण्याची वेळ अनेक मालकांवर आली आहे आणि विकणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द असतो ‘फोर-के’. माझे म्हणणे असे, की मालकाने आधी पडद्यावर पडणारा उजेड पाहावा. चित्राच्या बारकाव्याची चर्चा त्यानंतरची. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या ‘डीसीआय’ या संयुक्त संस्थेने २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे तांत्रिक प्रमाण ठरवले. त्यानुसार पांढऱ्या पडद्याच्या मध्यभागी दर चौरस मीटरला ४८ कँडेला, म्हणजेच १४ फूट-लॅम्बर्ट, उजेड हवा. छायालेखक आणि कलरिस्ट चित्रपटाचे रंग पक्के करतात ते याच उजेडात बसून. तो निम्म्यावर आला की आधी सावल्या मरतात. ‘तुंबाड’ या चित्रपटातला पाऊस आणि दिव्याच्या उजेडातला वाडा छायालेखक पंकज कुमार यांनी अंधाराच्या कितीतरी छटांतून उभा केला. मिणमिणत्या पडद्यावर त्याचा नुसता काळा डाग होतो आणि तिकीट काढून आलेला माणूस चित्रपटालाच दोष देत बाहेर पडतो.

किती प्रकाश लागेल हे साध्या गुणाकाराने काढता येते. नऊ मीटर रुंद, १.८५ला एक या प्रमाणातल्या साध्या पांढऱ्या पडद्यापर्यंत सुमारे साडेसहा हजार ल्युमेन पोहोचले पाहिजेत. रुंदी बारा मीटर झाली की हाच आकडा पावणेबारा हजारांवर जातो, कारण रुंदीबरोबर उंचीही वाढते. केबिनच्या काचेत अडणारा आणि धूळ खाल्लेल्या पडद्याने गिळलेला प्रकाश यात धरलेला नाही. थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा तर मधल्या खुर्च्यांना झगझगीत आणि कडेच्या खुर्च्यांना काळपट चित्र दाखवतो. तो तसाच ठेवून नवा प्रोजेक्टर आणू नये.

फोर-केचा दावा खोटा नाही. टू-केच्या एका आडव्या ओळीत २,०४८ ठिपके असतात, फोर-केच्या ४,०९६. पण निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढाच तपशील सुटा ओळखतो. बारा मीटरच्या पडद्यावर टू-केचा ठिपका सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. वीस मीटरपलीकडे बसलेल्याला तो वेगळा दिसत नाही. पुढच्या रांगांना फरक कळेल, हे मान्य. मात्र अनेक चित्रपटांचे अंतिम कामच टू-केमध्ये झालेले असते, आणि उजेडाची उणीव पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्यांनाच भोगावी लागते. पैसे मोजकेच असतील तर अंधुक फोर-केपेक्षा लख्ख टू-के घ्यावा.

पैशाचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. झेनॉन दिव्याचा जुना प्रोजेक्टर स्वस्तात मिळतो. लेझर प्रोजेक्टरला सुरुवातीलाच मोठी रक्कम मोजावी लागते. तालुक्याच्या गावी थिएटर टिकवून धरणाऱ्या माणसाला हा भार खराच जड आहे. पण झेनॉनचा दिवा तासागणिक मंदावतो. रोज चार खेळ, प्रत्येकी तीन तास, असे धरले तर वर्षाचे ४,३८० तास होतात, म्हणजे एका वर्षात अनेकदा नवा दिवा. ही खरेदी टाळता येईल तेवढी टाळली जाते आणि पडदा काळवंडतो तो तिथेच. लेझरमागे हा खर्च नाही. तरी जाहिरातीतले वीस-तीस हजार तास नीट वाचावेत. बहुतेकदा तो आकडा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो, आणि वीस हजार तास साडेचार वर्षांत संपतात. म्हणून गरजेच्या किमान दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यावे, सुरुवातीला ते कमी ताकदीवर चालवावे आणि वर्षागणिक ताकद वाढवत न्यावी. कित्येक थिएटरांत तर यंत्र मालकाचे नसतेच, डिजिटल सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे असते. तिथे करारातच लिहून घ्यावे, की दर तीन महिन्यांनी मीटर लावून मध्यभागी आणि कोपऱ्यांत उजेड मोजला जाईल, आणि मध्यभागचा आकडा ३८ कँडेलाच्या खाली उतरला तर दुरुस्तीची जबाबदारी आणि खर्च कंपनीचा राहील.