दुकान मिटलें, वचनाचें काय?

जुनीं भव्य दुकानें बंद पडलीं, कीं 'काळ बदलला' असें म्हणून आपण मोकळे होतों. घरबसल्या खरेदी वाढली, हें खरेंच. परंतु गल्ल्यामागें उभें राहून ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्यांचें म्हणणें निराळें आहे.

1778 सालीं लंडनांत कापडाचें दुकान म्हणून सुरू झालेल्या डेबनहॅम्स या पेढीनें आयर्लंडांतील आपलीं 11 दुकानें पुन्हा उघडणार नाहींत, असें एप्रिल 2020 मध्यें जाहीर केलें. सुमारें 1000 नोकर, बहुतेक स्त्रिया, घरीं बसले. सेवेच्या दर वर्षामागें कायद्याचा 2 आठवड्यांचा पगार होता. आणखी 2 आठवड्यांचा करार होता. तो पाळला गेला नाहीं. तेव्हां त्या स्त्रियांनीं थंडीपावसांत 400 हून अधिक दिवस दाराशीं पहारा केला व आंतील माल त्या बाहेर जाऊं देईनात. मे 2021 मध्यें लढा थांबला. हातीं आला तो शिक्षणासाठीं 30 लक्ष युरोंचा निधि, कराराचा पगार नव्हे.

दुकान कधीं तरी बुडतें, हें त्या जाणून होत्या. दिलेलें वचन बुडविलें, याचें त्यांना दुःख होतें.

पालकहो, मुलांस नोकरी लागली कीं आपण पगार विचारतों. करार पाळण्याची जबाबदारी कोणाची, हेंहि विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां तुम्ही मालक व्हाल, तेव्हां देण्यांच्या यादींत नोकराचें नांव शेवटीं लिहूं नका.