शमी मोजायची की ओळखायची?

दसऱ्याला शमीचे पूजन करून सोने लुटणाऱ्या आपल्या घरांना हे झाड पांडवांच्या शस्त्रांमुळे ठाऊक असते. थरच्या वाळवंटात तेच झाड खेजडी म्हणून उभे आहे आणि आज संकटात आहे. पश्चिम राजस्थानात, विशेषतः बिकानेर-जैसलमेर पट्ट्यात, सौरऊर्जा प्रकल्पांसाठी जुन्या खेजड्या तोडल्या जातात व गावकरी त्याविरुद्ध आंदोलने करतात. भरपाई म्हणून नवी रोपे लावण्याचे आश्वासन मिळते. हा हिशेब विज्ञानाच्या कसोटीवर अपुरा आहे, असे माझे मत आहे.

खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष. पाला जनावरांना, सांगरी माणसांना, मुळांवाटे नत्र जमिनीला. म्हणून बाजरीच्या शेतातही शेतकरी ती राखतो. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी व तिच्यासह 363 बिश्नोईंनी या झाडांसाठी प्राण दिले, असे परंपरा सांगते. कित्येक दुष्काळ सोसून जी झाडे टिकली, त्यांच्यातील जनुकीय भेद हेच पुढच्या दुष्काळासाठीचे भांडवल आहे. हजार रोपे दोन-चार झाडांच्याच शेंगांतून वाढविली, तर आकडा हजाराचा भरतो, पण वारसा त्या दोन-चार मातृवृक्षांचाच राहतो. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने दिलेला ‘थार शोभा’ हा वाण सांगरीसाठी उत्तम आहे. मात्र तो डोळा भरून वाढविला जातो, त्यामुळे त्याचे प्रत्येक कलम ही एकाच झाडाची प्रत असते. फळबागेत हे चालते. उजाड माळ पुन्हा उभा करताना ते धोक्याचे ठरते. एकच रोग सर्वांना एकदम गाठू शकतो.

हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जनुकीय मार्कर, म्हणजे ओळखखुणा, लागतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुनःपुन्हा येतो. कुणात तो दहा वेळा, कुणात चौदा वेळा. अशी दहा-बारा ठिकाणे तपासली, की कोणते झाड कोणाचे सख्खे आणि कोणत्या परिसरात वैविध्य अधिक, हे कळू लागते. संयुक्त अरब अमिरातींत हाच वृक्ष ‘गाफ’ नावाने राष्ट्रीय वृक्ष आहे. तेथील संशोधकांनी 2022 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यामुळे अशा खुणा शोधणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

या साधनाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. बहुतेक मार्कर नाते सांगतात, गुण सांगत नाहीत. कोणते झाड पाण्याचा ताण अधिक सोसते, हे शेतात वर्षानुवर्षे पाहूनच ठरते, आणि कोणत्या झाडाची सांगरी गोड, हे त्या गावालाच ठाऊक असते. प्रयोगशाळेने गावाला विचारल्याशिवाय हे काम पुरे होणार नाही.

ब्राह्मणपाऱ्यात बसून मी वाळवंटाविषयी लिहितो, त्याला कारण आहे. याच रायपुरात डॉ. राधेलाल रिछारिया यांनी 1970च्या दशकात शेतकऱ्यांच्या दारी जाऊन भाताचे हजारो देशी वाण गोळा केले. तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. 2002 मध्ये तो एका परदेशी कंपनीच्या सहकार्यकराराच्या कक्षेत येणार असे दिसताच छत्तीसगडात विरोध उसळला आणि करार बारगळला. वैविध्य ही संपत्ती आहे, हे भाताच्या बाबतीत आपल्याला उमगले होते. भाताचे वाण एका हंगामात पुन्हा पिकविता येते; शंभर वर्षांची खेजडी पुन्हा मिळवायला शंभर वर्षे लागतात.

म्हणून मागणी साधी आहे. तोडीची परवानगी देण्यापूर्वी त्या परिसरातील जुन्या झाडांची जनुकीय पाहणी व्हावी. ज्यांचे वेगळेपण सिद्ध होईल, ती जागेवरच राखावीत. रोपवाटिकांनी बी किती आणि कोणत्या मातृवृक्षांचे, याची नोंद ठेवावी व ती जाहीर करावी. सौरऊर्जा देशाला हवीच आहे. पण पट्ट्यांची जागा बदलता येते, जुन्या झाडाची येत नाही.

आपल्या गावात या पावसाळ्यात रोपे लावली जातील, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : हे बी किती झाडांचे आहे?

— ब्राह्मणपारा, रायपूर