हसलं कोण?

मुद्रितशोधक म्हणून माझी हयात गेली. ‘हास्यास्पद’ हा शब्द प्रुफात येतो तो बहुधा ‘हास्यस्पद’ होऊन. काना द्यायचा आणि पुढे जायचं. पण तो देता देता ध्यानात आलं, की हा शब्द हसत हसत कोणी उच्चारत नाही. आज आरोप झाला की उद्या खुलासा हजर: ‘आरोप हास्यास्पद आहेत.’ शेजारी छायाचित्र, कपाळावर आठ्या. टेंडर कोणाला दिलं, रस्ता पहिल्याच पावसात का वाहून गेला, यावर अवाक्षर नाही.

‘आस्पद’ म्हणजे स्थान. अभिमानास्पद, संशयास्पद हे त्याच घरातले. हास्यास्पद म्हणजे हसण्याची जागा. जागा आहे एवढंच शब्द सांगतो. तिथे कोणी हसलं का, ते सांगत नाही. पुढाऱ्यांची सोय होते ती नेमकी इथे. ‘हसं होणं’ तसं नाही. ते कोणाचं तरी व्हावं लागतं, आणि तेही चारचौघांत. अक्षता पडत असताना नवरदेवाचा फेटा सुटला तर त्याचं हसं होतं, मांडवभर साक्षीदार असतात. पत्रक काढून दुसऱ्याचं हसं करता येत नाही.

काही आरोप खरोखरच हसण्याजोगे असतात, नाही असं नाही. पण मग लोक आपणहून हसतात, त्यांना सांगावं लागत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींची रेवडी उडवली ती सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांना त्या रूढी गंभीर चेहऱ्याने पाळायला लावून. हसायचं काम वाचकाकडे. अत्र्यांनीही 1925 साली ‘झेंडूची फुले’मध्ये तेव्हाच्या कवींच्या लकबीच उचलल्या; विडंबन वाचलं की मूळ कवितेचं काय व्हायचं ते होतंच. या दोघांना शेरा मारायची गरज पडली नाही. आमच्या खुलासेकऱ्यांकडे मात्र शेऱ्यापलीकडे काही नसतं.

म्हणून डेस्कवरच्या पोरांना माझी सूचना आहे. खुलाशात हा शब्द दिसला की मूळ आरोप पुन्हा छापा, रकमेसकट आणि तारखेसकट. आणि ‘आरोप हास्यास्पद’ असा मथळा द्यायच्या जागी ‘उत्तर नाही’ असा द्या. दोन अक्षरं वाचतात.